गमबुटातली पत्रिका

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की शेजारच्या मावशीचे गमबूट आमच्या कुंपणावर येतात. तारेच्या कुंपणाला दोन्ही बाजूंनी कोरांटी आहे, पण शेवग्याच्या झाडापाशी ती विरळ झाली आहे आणि गेली बावीस वर्षं आमचं देणंघेणं तिथूनच चालतं. कढीपत्ता तिथून जातो, केळफूल तिथून येतं. कोणाच्या घरी काय चाललंय ते जातंही आणि येतंही. तर परवा सकाळी मावशीनं माळ्यावरून काढलेले गमबूट कुंपणाच्या खांबांवर उलटे घातले, त्यातला एक जरा झटकला, आणि घडी घातलेला एक पिवळा कागद माझ्या बाजूच्या अळवात पडला.

उचलून बघते तर जन्मपत्रिका. कोपऱ्याला हळदकुंकू लावलेली, रास, नक्षत्र, गण, नाडी, सगळं निळ्या शाईत नीट लिहिलेली. स्थळाकडं पाठवतात तशी.

"मावशी, तुमच्यात पत्रिका कधीपासून बघायला लागले?"

"अगं बाय, हळू बोल. दे इकडं ती."

हळू बोल म्हटल्यावर मी कशाला देते? वसईतल्या जुन्या ख्रिस्ती घरात, जिथं दारावर क्रूस आणि अंगणात तुळशीच्या जागी गुलाब, तिथल्या गमबुटात मुलीची पत्रिका. मी कागद पाठीमागं धरून उभी राहिले.

"ही भास्करची," मावशी म्हणाली.

"कोण भास्कर?"

"म्हणजे भास्करची नव्हे गं. भास्करला आलेली."

"पण भास्कर कोण?"

मावशीनं आधी आपल्या ओट्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं. "फादर," ती म्हणाली. "थांब, गॅस बंद करून येते."

आता एवढं बोलून माणूस गॅस बंद करायला जातं का? मी तिथंच उभी. आमचे हे ओट्यावर पेपर वाचत होते. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत, म्हणून सगळी वाडी त्यांना मास्तर म्हणते. त्यांनी पेपर तसाच तोंडापुढं धरला होता, पण पान उलटायचं बंद झालं होतं.

मावशी आली ती मोरीतलं पिढं घेऊनच. म्हणजे विषय मोठा.

"चिपळूण आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं? २०२१ चा जुलै. २१ तारखेच्या रात्री पाणी चढायला लागलं आणि २२ ला उजाडेपर्यंत वाशिष्ठी आणि शिव नदी, दोघीही बाजारपेठेत. वरून पाऊस कोसळत होता, खाली भरती, आणि त्यात कोळकेवाडी धरण. कोयनेच्या पाण्यावर वीज करून झाली की ते पाणी कोकणात उतरतं ते याच वाशिष्ठीत, हे मास्तरांनी मला तेव्हा वहीत नकाशा काढून समजावलं होतं. नेमकं कशानं पाणी एवढं चढलं यावर चिपळूणकर अजून भांडतात. त्यांचा हक्कच आहे. पहिल्या मजल्याला पाणी ज्यांच्या टेकलं, त्यांनी भांडायचं नाही तर कोणी?

"त्या रविवारची मिस्सा मोबाईलवर होती," मावशी सांगायला लागली. "करोना, चर्च बंद. शेवटी फादर म्हणाले, चिपळूणला मदत पाठवायची आहे, काय पाठवायचं ते मंगळवारी चार जण बसून ठरवू. मंगळवार कोण बघतो? सोमवारी संध्याकाळपर्यंत चर्चचा हॉल छातीएवढा कपड्यांनी भरला."

तो ढीग मीही बघितला होता, कारण त्यात माझ्या दोन साड्या होत्या. चांगल्या होत्या हो. फक्त काठ विरले होते.

"काय काय निघालं त्यातून सांगू? एक शरारा. तीन कोट. उंच टाचेच्या चपला, त्याही तीन. म्हणजे एकीचा जोड कुठं गेला देव जाणे. आणि एक अख्खा सांता क्लॉज. दाढीसकट! जुलै महिन्यात चिपळूणच्या माणसानं सांता क्लॉज घालून गाळ उपसायचा?"

मावशीचे दीर १९९३ साली भूकंपानंतर किल्लारीला गेले होते, त्यांच्या चर्चच्या धर्मग्रामातल्या सात-आठ जणांबरोबर. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दीर परत आले ते चार दिवस जेवले नाहीत. बोलायला लागले तेव्हा पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती मढ्यांची नव्हे, कपड्यांची. रस्त्याच्या कडेनं जुन्या कपड्यांचे ढीग, पावसात भिजलेले, त्यावर गुरं बसलेली. २००४ च्या सुनामीनंतर नागपट्टिणमलाही तेच झालं. आलेल्या जुन्या कपड्यांचं काय करायचं हाच तिथल्या लोकांना वेगळा ताप.

"मग त्या ढिगाचं काय केलंत?" मी विचारलं. साड्या मनात होत्या.

"सुती तेवढं फाडून फडकी केली. गॅरेजवाल्यानं नेली बाकीची."

म्हणजे माझ्या साड्यांनी कोणाचा तरी पिस्टन पुसला. असो.

मंगळवारी बैठक बसली ती चार जणांची नव्हे, चौदा बायकांची. कारण २०१८ च्या जुलैत पाणी आपल्या घरात आलं होतं. त्या १० तारखेला लोकल बंद, वीज गेलेली, नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली, मिठागरात माणसं अडकलेली. माझ्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होतं तेव्हा एक अनोळखी गृहस्थ आले, मला फरसाणाची पाच पाकिटं दिली, माझ्याबरोबर फोटो काढला आणि गेले. मला त्या घडीला हवा होता खराटा. हे मी मावशीला तेव्हाच कुंपणावरून सांगितलं होतं, आणि मावशीनं ते बैठकीत सांगितलं, माझं नाव घेऊन. मला नंतर कळलं. जरा बरंही वाटलं.

तर यादी अशी झाली: फावडी, घमेली, खराटे, वायपर, गमबूट, रबरी हातमोजे, ब्लीचिंग पावडर, फिनेल, गाड्या धुवायच्या गॅरेजमधले दोन प्रेशर पंप, एक जनरेटर, विहिरीचा पंप आणि शंभर फूट पाइप. खायला डाळ-तांदूळ, आणि आगाशीची सुकेळी, कारण सुकेळीला शिजवावं लागत नाही, नासत नाही, आणि दोन खाल्ली की माणूस तासभर फावडं मारतो. सॅनिटरी पॅडची तीन खोकी बायकांनी सांगून घ्यायला लावली. यादी लिहिणाऱ्या गृहस्थांनी तिथं पेन थांबवलं आणि 'बायकांचं सामान' असं लिहिलं. खोकं उघडून बघितलं तेव्हा दुकानदाराने त्यात बांगड्या घातल्या होत्या.

"खरंच?"

"खोटं कशाला सांगू? परत पाठवली नि नीट लिहून दिलं. मी लिहिलं, मोठ्या अक्षरात."

पैसा सगळा वाडीतला, घरटी पाकीट. काका, म्हणजे मावशीचा नवरा, बँकेत होते. त्यांना कोणी विचारलं की परदेशातून येतो ना तुम्हाला पैसा, तर ते उठून बसतात. २०२० पासून तसा पैसा घ्यायचा झाला तर दिल्लीत स्टेट बँकेच्या एका ठरलेल्या शाखेत खातं लागतं, आणि एका संस्थेनं घेतलेला दुसरीला देता येत नाही, हे ते समोरच्याचा चहा निवेपर्यंत सांगतात. आमच्या धर्मग्रामाचा परदेश म्हणजे नायगाव खाडीच्या पलीकडं सुरू होतो, असंही सांगतात.

इथं मास्तरांचा पेपर खाली आला. कारण त्या वेळचं त्यांचं स्वतःचं वाक्य आता येणार हे त्यांना कळलं होतं.

"मी म्हटलं होतं खरं," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं, मावशी, लोक म्हणतील, पूर आला आणि पाठोपाठ चर्चवाले आले बाटवायला."

"आणि मी काय म्हटलं होतं मास्तर?"

"तू म्हणालीस, गाळ काढताना तोंड उघडलं तर आत गाळच जातो."

हसलो आम्ही, पण तेव्हा चर्चच्या मंडळींतही यावर चांगलीच वादावादी झाली होती. फादरांचं म्हणणं, कोणाच्या दारात प्रार्थना नाही, पुस्तिका नाहीत, टी-शर्टवर क्रूस नाही. कोणी विचारलं कुठून आलात, तर वसईहून. यावर एक कॉलेजातला पोरगा उसळला. आपण काय चोरी करतोय का? आपला येशू सांगतो म्हणून जातोय, तर लपवायचं कशाला? मला त्याचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही. गणपती मंडळवाले मदत करतात तेव्हा मंडळाचं नाव लपवतात का? फादर म्हणाले, लपवायचं नाही, विचारलं तर सांगायचं. न विचारता सांगायला आपण काय विम्याचे एजंट आहोत? पोरगा गप्प बसला, पण पटलं नाही त्याला. आला मात्र.

ही सगळी मंडळी मुळात व्हिन्सेंटवाली. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. १८३३ साली पॅरिसमध्ये ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन सुरू केली. गरिबाच्या घरी जायचं, तेही दोघा-दोघांनी, आणि जाऊन आधी बसायचं. मावशी दर आठवड्याला जाते, कोणाच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूकडं, कोणाच्या दारुड्याच्या बायकोकडं. म्हणून तर तिला वाडीतलं सगळं माहीत. आता हे पुण्य की चहाडी याचा हिशेब वर होईल.

आणि बॅनर! बॅनर राहिलाच. टेम्पो एका भाजीच्या व्यापाऱ्यानं फुकट दिला, पण त्यावर दहा फुटी फ्लेक्स लावायचा, त्यावर त्यांचा फोटो, हात जोडलेला. फादर म्हणाले, टेम्पो द्या, फ्लेक्स घडी करून द्या, लागेल. आणि लागला. चिपळूणला शाळेच्या ओल्या फरशीवर तोच अंथरला. तीन रात्री सहा माणसं त्या गृहस्थांच्या तोंडावर झोपली. मावशी म्हणते, "मी हाताच्या बाजूला झोपले. तोंडावर नाही बाई झोपवलं मला."

३१ तारखेला पहाटे तीनला निघाले. बावीस जण, सगळ्यांना लस झालेली. घोडबंदर, पनवेल, पेण. महाडपासून रस्त्याच्या कडेला घराघरांपुढं गाद्यांचे, कपाटांचे ढीग. सावित्रीनं महाडही सोडलं नव्हतं, आणि वर तळियेला तर डोंगरच खाली आला होता, ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली. कशेडी घाटात चर्चच्या कोयरमधल्या मुलीनं गाणं सुरू केलं होतं, ते तिनं आपणहून बंद केलं. पुढं बहादूरशेख नाक्यापाशी वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग पुरानं नेलेला, तिथून गाडी जाताना गाडीत कोणी श्वास घेत नव्हतं.

"वास, बाय. डिझेल, गटार नि सडलेला तांदूळ. धान्याची गोदामं भिजून आठ दिवस झालेले. औषधाच्या दुकानांतल्या गोळ्यांच्या पट्ट्या गाळात चमकत होत्या. वाचनालयाचं ऐकलं तेव्हा मास्तरांची आठवण झाली मला. चिपळूणचं लोकमान्य टिळकांच्या नावाचं वाचन मंदिर, दीडशे वर्षांच्या वरचं, २००५ च्या पुरात पुस्तकं गेलेली, पुन्हा उभं केलेलं, आणि पुन्हा गेलं."

मास्तर काही बोलले नाहीत. ते २००५ ची पुस्तकं पाठवणाऱ्यांतले.

गाळ काढायचीसुद्धा विद्या असते हे मला मावशीकडून कळलं. ओला आहे तोवर निघतो. वाळला की सिमेंट. म्हणून सुकला असेल तिथं आधी पाणी मारून मऊ करायचा, मग प्लायवुडच्या फळीनं दारापर्यंत ओढत आणायचा, फावड्यानं घमेल्यात, घमेली साखळीनं बाहेर. प्रेशर पंप अगदी शेवटी. आधी मारला तर गाळ भिंतीवर उडतो आणि पुन्हा पहिल्यापासून. विजेच्या बटणाला हात नाही. लाकडी कपाट फुगून दार अडकतं, ते ओढायचं नाही, मागची फळी काढायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरच्या माणसाला विचारल्याशिवाय एक चमचा फेकायचा नाही.

"का गं?"

"का म्हणजे? आम्ही एका घरात चिखलाचा गोळा म्हणून घमेल्यात टाकला, ते मंगळसूत्र बांधलेलं फडकं निघालं. त्या बाईनं घमेल्यात हात घातला म्हणून. तेव्हापासून बाहेर एक माणूस फक्त घमेली चाळायला."

बाजारपेठेच्या मागच्या एका आळीत एक कौलारू घर, मागं विहीर. घरात ऐंशीच्या पुढच्या आजी, एकट्या. एक रात्र आणि एक दिवस माळ्यावर लोणच्याच्या बरण्या आणि देवघरातले देव घेऊन बसलेल्या. मुलगा पुण्यात तापानं पडलेला. आणि आजींचं कानाचं यंत्र पुरात गेलेलं. मावशी कानाशी जाऊन ओरडली तर थोडं कळायचं. एरवी आजी ओठांवरून ओळखायच्या, तर सगळ्यांच्या तोंडाला मास्क.

"कोण गं तुम्ही?" आजींनी दारातच अडवलं.

"वसईचे."

"वसई? चिमाजी अप्पांनी घेतली ती?"

"तीच."

आजी दारातून बाजूला झाल्या. अप्पांनी घेतलेल्या वसईचे म्हणजे आपलेच.

"बाय, माझ्या जिभेवर आलं होतं," मावशी म्हणाली, "की अप्पांनी १७३९ ला घेतली ती पोर्तुगिजांकडून, आम्ही तेव्हाही केळीच लावत होतो. पण म्हटलं, आधी गाळ."

पहिला दिवस त्या एका घरात गेला. आजी पाटावर बसून एकेक वस्तू तपासत होत्या. तांब्याचा बंब, पितळी डबे, हार्मोनियमची पेटी. पेटी उघडली तर आत मासा. जेवायला खिचडी आली ती जवळच्या मशिदीतल्या पोरांनी शिजवलेली, साधी, कोणालाही चालेल अशी. मावशीनं मात्र आपल्या पिशवीत सुक्या बोंबलाची चटणी लपवून नेली होती, तिला खिचडी नुसती जात नाही. मागच्या पडवीत डबा उघडला. एवढा वास भरलेला गावभर, गटार, डिझेल, सडका तांदूळ, आणि आजी आतून ओरडल्या, "बोंबील कोणी आणला गं?"

"म्हणजे नाक शाबूत होतं."

"नाक? त्या नाकानं त्या दोन घरं पलीकडची आमटी सांगतील. मी डबा बंद करून टेम्पोत जाऊन खाल्ला."

दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी मावशीनं सवयीनं कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला, आणि वर बघते तर आजी बघतायत.

"तू ख्रिस्ती?"

"हो आजी."

"सगळे?"

"सगळे."

"मग काल सांगितलं नाहीस ते?"

"तुम्ही विचारलं नाही."

आजी थोडा वेळ खिचडीकडं बघत राहिल्या. मावशी म्हणते, तेवढ्या वेळात माझी अर्धी वाटी संपली. मग आजी म्हणाल्या, "नाशिकला नारोशंकराची घंटा तुमचीच ना गं? आमच्या ह्यांनी दाखवली होती."

"आमचीच. वाईजवळ मेणवलीला आहे तीही. भीमाशंकरची पण. वसईच्या चर्चमधूनच गेल्या सगळ्या."

"परत हव्यात का?"

"नको हो. वाजतायत तर वाजू दे. ती लोणच्याची बरणी इकडं करा."

मास्तर हे ऐकून इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथं परशुरामाचं देऊळ, ब्रह्मेंद्रस्वामी आणि वसईच्या मोहिमेचा संबंध सांगायला घेतला. चिपळूणजवळच्या त्या परशुरामक्षेत्रातल्या स्वामींनी पेशव्यांच्या मागं टुमणं लावलं होतं वगैरे. मी म्हटलं, अहो, अजून भास्कर आलेला नाही. तेव्हा थांबले.

"भास्कर पहिल्या दिवसापासून होताच की," मावशी म्हणाली. "फादर! अर्धी चड्डी, बनियन, डोक्याला टॉवेल, तोंडाला मास्क. पोरं सारखी हाका मारतायत, फादर घमेलं, फादर इकडं या, फादर पाइप. आजींच्या कानाला ते भास्कर लागलं. भास्कर घमेलं. भास्कर पाइप. त्यांचं गोदरेजचं कपाट फादरांनी नि गॅरेजवाल्यानं दोघांनी उचललं, तेव्हा आजी मला म्हणतात, भास्कर कामसू आहे हो. कोणाचा?"

"मग तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं! दोनदा ओरडले, आजी, ते फादर आहेत. त्या म्हणतात, हो ना, भास्करच. मी नाद सोडला. त्यांच्या हिशेबानं आम्ही ख्रिस्ती, नि भास्कर आपल्यातला, आमच्याबरोबर मोबदल्यावर आलेला. मला हळूच विचारतात, नीट पैसे देता ना त्याला?"

मी कुंपणाला धरून हसत होते. कोरांटीचे काटे लागले तरी.

"पुढं ऐक. लग्न झालंय का? मी म्हटलं, नाही. खोटं बोलले का मी? नाही झालंय. वय? चाळिशीला आलंय. मग उशीर कशाला केला? मी म्हटलं, सेवेत पडलाय. म्हणाल्या, सेवा करणाऱ्यांची लग्नं राहतात, आमच्या नात्यात एक राहिलाय तसा संघात. आणि मला आत नेऊन गुहागरच्या कुठल्या भाचीच्या मुलीचं सगळं सांगितलं. बी.एड. झालेली."

हे सगळं घडत असताना फादर विहिरीत होते. म्हणजे अगदी आत नव्हे, कठड्यावर ओणवे. पूर ओसरला तरी पिण्याचं पाणी म्हणजे ती विहीर, आणि विहिरीत गटार गेलेलं. पोरांना वाटलं पंप लावा, तासाभरात उपसा. शेजारच्या आळीतला एक म्हातारा गवंडी येऊन ओरडला म्हणून वाचले. भोवतालची जमीन पाण्यानं फुगलेली असताना विहीर एकदम रिकामी केली तर कडा आत बसतात. थोडं उपसायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. त्यात दीड दिवस गेला. गाळ वर काढला, त्यात एक सायकलचं चाक आणि कोणाच्या तरी दुकानाची पाटी निघाली. मग गवंड्यानं भिंती घासून घेतल्या, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली, आणि सांगून ठेवलं की तपासून घेतल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. बाकीच्या मंडळींनी त्या तीन दिवसांत सहा घरं आणि एक पिठाची गिरणी मोकळी केली. विहीर एकच. फादरांना विचारलं तर ते फक्त विहिरीचं सांगतात.

आणखी थोडं माणसांचं सांगायला हवं, नाहीतर मावशी रागवेल. कोपऱ्यावरच्या बंगल्यातला मुलगा पहिल्या दिवशी फावडं हातात धरून व्हिडिओच काढत होता. दुपारी फोन गाळात पडला. त्यानंतर त्याच्याइतकं काम कोणी केलं नाही, म्हणे. कोयरमधली नाजूक मुलगी, जिला आई भांडी घासू देत नाही, तिनं तीन घरांचे संडास धुतले आणि घरी सांगू नका म्हणून सगळ्यांना शपथ घातली. मावशीनं ती पाळली. मला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. 'आपला येशू सांगतो' म्हणणारा पोरगा रोज रात्री त्या मशिदीतल्या पोरांबरोबर कॅरम खेळायला जायचा. डॉक्टरांनी लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून आठवड्याला एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घ्यायचं एकट्या गॅरेजवाल्याच्या लक्षात राहिलं नाही. त्याला नंतर पायाला फोड आले, महिनाभर लंगडत होता.

परत आल्यावर हिशेबाचा कागद चर्चच्या फलकावर लागला, बिस्किटाच्या पुड्यापर्यंत. त्यावरही चर्चा झालीच, की सुकेळी इतक्या भावानं का घेतली आणि कोणाच्या वाडीतली घेतली. शिल्लक पैशातून एक जादा पंप आला, तो आता मावशीच्या पडवीत असतो. दर मे महिन्यात ती तो चालवून बघते आणि आमच्या अळवाला फुकट पाणी मिळतं. चिपळूणकर मात्र त्या डिसेंबरात वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून उपोषणाला बसले, तेव्हा कुठं पुढच्या वर्षी नदीत मशिनं उतरली. घरातला गाळ माणसं घमेल्यानं काढतात, नदीतल्यासाठी उपाशी बसावं लागतं.

"आणि पत्रिका?" मी कागद पुढं केला.

"ती त्या दिवाळीत आली. पार्सल. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची पोळी, नि हे. वर लिहिलंय बघ."

मागच्या बाजूला थरथरत्या अक्षरात होतं: चि. भास्कर यांस.

"फादरांना दिलंस?"

"दिलं ना. आमसुलं ठेवून घेतली, पत्रिका मला दिली. म्हणाले, मावशी, हे तुमचं तुम्ही निस्तरा. मी कुठं ठेवू? काकांना सापडली तर चार दिवस विचारतील. गमबुटात घातली."

मास्तर ओट्यावरून खाली आले, कागद घेतला, चष्मा वर करून बघितला. "मूळ नक्षत्र," ते म्हणाले. "पण मुलगी चांगली दिसते. शिक्षिका." आता त्यांना हे नक्षत्रावरून दिसलं की बी.एड.वरून, ते मी विचारलं नाही.

"झालं की लग्न तिचं," मावशी म्हणाली. "गेल्या वर्षी पेणला दिली. आजींचा फोन आला होता. नवीन यंत्र घेतलंय त्यांनी कानाचं, आता सगळं ऐकू येतं."

"मग आता तरी सांगितलंस का?"

"सांगणारच होते. पण त्याच आधी म्हणाल्या, भास्करला सांग हो, वाईट वाटून घेऊ नको म्हणावं, योग नव्हता. आता यावर मी काय सांगू?"

"फादरांना कळवलंस हे?"

"रविवारी मिस्सा झाल्यावर सांगितलं."

"काय म्हणाले?"

मावशीनं दुसरा गमबूट झटकला. त्यातून फक्त वाळलेला गाळ पडला, चिमूटभर, विटकरी.

"म्हणाले, आजींना विचारलंत का, विहिरीचं पाणी आता कसं आहे?"